पालाश कमी आहे

पालाश म्हणजे पळस, असं मी माझ्या बायकोला छातीठोकपणे सांगितलं. त्या एका अर्थापायी माझं हाड मोडलं, थोरल्या भावाचा कान फाटला आणि सव्वा एकराचा बटाटा पिवळा पडला. शब्दाचा अर्थ चुकला की शाळेत एक गुण जातो. शेतात जास्त जातं.

झालं असं, की दिवाळीच्या तोंडावर आमच्या मातीच्या तपासणीचं कार्ड आलं. आमचं घर जानेफळच्या बाजूला. गावाबाहेर, टेकडीच्या उतारावर आमचं बरड आहे. बरड म्हणजे हलकी, मुरमाड जमीन, पाणी धरत नाही आणि शिव्याही धरत नाही. त्यात पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यावर हिवाळ्यात बटाटा, असा आमचा चार वर्षांचा रिवाज. पहिल्या वर्षी बटाटे असे निघाले की मी वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून दाखवायचो. दुसऱ्या वर्षी न बोलवता कोणी आलं तर दाखवायचो. चौथ्या वर्षी कोणी आलं की बटाट्यांवर पोतं टाकायचो. गोट्या होत्या गोट्या.

तेव्हाच बायकोनं सांगून टाकलं होतं, "आणखी एक साल. यंदाही गोट्याच निघाल्या तं बरड मोठ्यायले बटईनं द्यायचं."

मोठे म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचे भासरे. बटई म्हणजे जमीन आपली, कसणार तो, आणि पिकाचे वाटे. बरडाला लागून त्याचं शेत. वाटणी झाली तेव्हापासून तो धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, उभा राहून माझ्या शेतीकडे असा बघायचा, जसा सुतार दुसऱ्यानं केलेल्या दाराकडे बघतो. त्याच्या हाती बरड द्यायचं म्हणजे रोज सकाळी त्याचं ते तोंड बघायचं, आणि वरून ते तोंड खरं होतं हे कबूल करायचं. मला बरड सोडायचं नव्हतं. म्हणून मी हौसेनं माती तपासायला पाठवली होती.

कार्डावर नत्र मध्यम, स्फुरद पुरेसं, पालाश कमी.

"पालाश म्हंजे काय?" बायकोनं विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"पळस."

"मंग नत्र म्हंजे नेत्र काय?"

"तुले संस्कृत समजत नाई. पलाश म्हंजे पळस. पळसाचा पाला कमी पडून राह्यला आपल्या जमिनीत. थो गाडायचा, बस."

आता दुकानात आम्ही सगळे त्या लाल खताला पोटॅश म्हणतो. पोरंसोरंही पोटॅश म्हणतात. कार्डावर कोणी पोटॅश लिहिलं असतं तर मी गपगुमान पोतं आणून टाकलं असतं आणि आज माझा उजवा हात सरळ वर गेला असता. पण कार्ड शुद्ध मराठीत होतं आणि मी अर्धवट शिकलेलो होतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की भारी नुकसान होतं.

पळस कुठं होते? धुऱ्यावर. अकरा. आणि ते माझे नव्हते. वाटणीच्या वेळी पंचांनी सांगितलं होतं, झाडं थोरल्याची, सावली दोघांची. उन्हाळ्यात त्याची म्हैस त्या सावलीत बसायची आणि तोच पाला खायची. मी मनाशी हिशेब बसवला की झाडाला हात लावायचा नाही, नुसत्या फांद्या घ्यायच्या. फांद्या म्हणजे एका अर्थी सावलीच की. सावली दोघांची.

भाऊ तीन दिवस लेकीच्या सासरी अमडापूरला गेला होता. तो एस्टीत बसला आणि मी कुऱ्हाड काढली.

झाड तोडणं मला येत नाही. पण तोडत सुटणं येतं. पहिल्या झाडाच्या चार फांद्या होईस्तोवर हात भरून आले, मग कसलातरी राग आला, कोणावर ते कळेना, आणि मग मी थांबलोच नाही. चार वर्षांच्या गोट्या, धुऱ्यावरचं भावाचं ते बघणं, सगळं त्या कुऱ्हाडीत उतरलं. फांद्या कडाकड मोडत होत्या. पळसाला घाव घातला की लाल चीक येतो, रक्तासारखा. तो अंगावर उडत होता, बंडीवर, दाढीवर, हातावर. दुपारपर्यंत अकराच्या अकरा झाडांची मुंडकी उडाली आणि बुंधे तेवढे उभे राहिले, रांगेत, लाल गळत.

घरी आलो तर बायको दारातच किंचाळली.

"कोनाले मारून आले?"

"पळसाले."

तिनं जवळ येऊन माझ्या हाताचा वास घेतला, मग कपाळाला हात लावला. "भासरे आले की तुमाले कापतीन."

"कार्डावर लिवलं हाये," मी म्हणालो. सरकारी कागद दाखवला की मारणारा थांबतो, असा माझा त्या वेळी समज होता.

दोन दिवस आम्ही पाला तोडला, सऱ्या पाडल्या, सरीत पाल्याचा थर, वर माती, मातीवर बटाट्याची फोड. फोडी करायला शेजारच्या दोन बायका होत्या. विळीवर बटाटा, एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे, खचकन दोन तुकडे, आणि तुकडा राखेत बुडवून टोपलीत. त्या दोघी माझ्याकडे बघून काहीतरी बोलायच्या आणि हसायच्या. बायको हसत नव्हती. तिनं आपल्या मनानं दर चार सऱ्यांमागे एक ओळ घेवड्याची टोचली. मी म्हणालो, हे कायले? ती म्हणाली, "तुमचा बटाटा नाई आला तं भाजी तं भेटीन."

तिसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्याकडच्या पंधरा-सोळा सऱ्या राहिल्या होत्या. मी खाली वाकून पाला पसरत होतो. पाठीमागे अचानक बायकांचं बोलणं थांबलं. बायकांचं बोलणं असं एकदम थांबलं की माणसानं वर बघू नये, सरळ पळावं. मी वर बघितलं.

भाऊ त्याच्या बुंध्यांजवळ उभा होता. एकेका बुंध्याला हात लावत होता, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. अकरावा झाला. मग तो माझ्याकडे आला. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, नुसता, पातं नव्हतं. पातं घरी होतं हे माझं नशीब, आणि ते नशीब मी पुढच्या घटकेत वापरून संपवलं.

"कोन तोडले?"

"दादा, आधी कार्ड पाह्य..."

"कोन तोडले बे?"

"मी. पन पालाश कमी..."

पुढचं वाक्य माझ्या खांद्यावर संपलं. कटकन आवाज आला, सुकी तुराटी मोडावी तसा. मला आधी वाटलं दांडा मोडला. दांडा शाबूत होता.

आमच्या घरात मारणं नवं नाही. बाप दोघांना एकाच काठीनं मारायचा आणि मग एकाच ताटात जेवायला बसवायचा. भाऊ मला लहानपणी मारायचा, मी त्याला चावायचो. पन्नाशी गाठली तरी शरीराला ते पाठ असतं. माझा उजवा हात लोंबत होता, डाव्यात कुदळ होती. मी ती फिरवली. नेम धरून नाही, नुसती फिरवली. ती त्याच्या कानाला लागली, आणि कानाचा खालचा तुकडा लोंबायला लागला. रक्त त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरलं. त्यानं हात लावून बघितला, बोटं बघितली, आणि जो ओरडला, तो आवाज माणसाचा नव्हता.

मग तो माझ्या अंगावर आला. आम्ही दोघं सरीत पडलो. तो वर, मी खाली. त्याचा गुडघा माझ्या मानेवर, माझं तोंड मातीत. ओली माती, पळसाचा पाला आणि राख, सगळं दातात. माझ्या मातीचं खरं परीक्षण त्या दिवशी झालं, जिभेनं. तो माझं डोकं केसाला धरून वर उचलायचा आणि परत मातीत आपटायचा, आणि प्रत्येक आपटण्यासोबत एक शब्द.

"अकरा. झाडं. लेका. अकरा."

मी चावायला बघत होतो पण तोंडात पाला होता. डाव्या हाताला बियाण्याची टोपली लागली. त्यातल्या फोडी मी मागं फेकत होतो. बटाट्याच्या फोडींनी माणूस हटत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. त्यानं दांडा परत उचललेला मला सावलीत दिसला. या खेपेला तो खांद्यावर येणार नव्हता.

तेवढ्यात बायकोचा आवाज आला.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडे बाई भासऱ्याशी बोलत नाही. समोर आली तर पदर पुढे ओढते, आणि काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगते, म्हणजे भासऱ्याच्या कानावर जातं. भासराही तिच्याकडे बघत नाही, तोंड फिरवतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. चोवीस वर्षांत माझ्या भावानं माझ्या बायकोचा आवाज भिंतीकडून ऐकला होता, तोंड तर बघितलंच नव्हतं.

ती आली ती डोक्यावरचा पदर खाली टाकून आली. हातात विळा. सरळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली,

"दांडा खाली टाका."

भाऊ थिजला. मी खालून बघत होतो, मला त्याची हनुवटी आणि तिचा विळा दिसत होता.

"यायचं डोस्कं फोडून तुमाले काई भेटत नाई," ती म्हणाली. "मी चोवीस साल पाहून राह्यली, अंदर काईच नाई. आन् फोडायचंच असन तं मी फोडीन. मले हक हाये. तुमाले नाई."

दांडा वरच होता. तिनं विळा उचलला, त्याच्या हाताच्या जवळ नेला.  ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. आणि माझ्या भावाला जे माझ्या कुदळीनं सुचलं नाही ते तिच्या उघड्या डोक्यानं सुचलं. त्याला तोंड फिरवावं लागलं. भावजय समोर उघड्या डोक्यानं उभी आहे आणि भासरा तिच्याकडे बघत तिच्या नवऱ्याला मारतो आहे, हे त्याला जमेना. तो माझ्यावरून उठला, पाठ केली, गळ्यातला दुपट्टा आधी तोंडावर घेतला आणि मग कानाला दाबला. पाठमोराच म्हणाला, "हिले सांगा, नवऱ्याले बांधून ठेव म्हना." मग गेला.

कोणाला सांगा म्हणाला कुणास ठाऊक. शेजारच्या दोघी तर केव्हाच पळाल्या होत्या.

मेहकरच्या दवाखान्यात मी बाकावर बसलो तर शेजारी भाऊ बसलेला. दुसरा दवाखाना त्या वेळी उघडा नव्हता. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. त्याच्या कानाला टाके पडले, माझ्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं, हात गळ्यात बांधून दिला.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, "कसं झालं?"

"झाडावरून पडलो."

मला विचारलं. मीही म्हणालो, "झाडावरून पडलो."

"दोघंही?"

"हाव," भाऊ म्हणाला. "पयले मी पडलो. मंग हा पडला माह्यावर."

त्या पंधरा-सोळा सऱ्या बायकोनं एकटीनं लावल्या. पाला घातला नाही. मी खाटेवरून म्हणालो, "तेवढ्यातही टाकायला पाह्यजे होता." तिनं त्या दिवशी माझ्या दुखऱ्या बाजूनं चादर जरा जोरात ओढली.

बटाटा उगवला. हिरवागार. मी गावात सांगून आलो. मग महिना होत आला तसा खालच्या पानांपासून पिवळा पडायला लागला. रोज थोडा. सकाळी जाऊन बघावं तर कालच्यापेक्षा पिवळा. कोणी हळद कालवून ओतावी तसा. त्या पिवळ्या रानात बायकोच्या घेवड्याच्या ओळी तेवढ्या हिरव्या, काळसर हिरव्या. आणि धुऱ्याकडच्या त्या बिनपाल्याच्या सऱ्या. मला ते दिसत होतं. पण दिसणं आणि कबूल करणं यांत माझ्याकडे नेहमी आठेक दिवसांचं अंतर असतं.

शेवटी कृषी सहायक बाई आल्या. त्यांनीच मातीचा नमुना नेला होता. त्यांनी एक झाड उपटलं, मुळाशी काळी पडलेली जाड पानं निघाली.

"हे काय?"

"पालाश," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पानाकडे. मग धुऱ्यावरच्या अकरा बुंध्यांकडे. मग माझ्या गळ्यातल्या हाताकडे. आणि त्या बांधावर खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "काका, पालाश म्हणजे पोटॅश."

बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

मग बाईंनी नीट समजावलं. बटाटा म्हणजे पालाश खाणारं पीक, अधिक महिन्यातल्या जावयासारखं, वाढाल तेवढं कमी. "सोयाबीन काढलं की त्याचा भुसा, कुटार, कुठं जातं?"

"गोठ्यात. ढोरायले."

"बटाट्याचे वेल?"

"धुऱ्यावर जाळतो."

"म्हणजे जमिनीतून सगळं नेता, परत काहीच नाही. आणि वेलांची राख, ज्यात पालाश असतं, ती धुऱ्यावर. धुऱ्यावर काय होतं?"

"पळस," बायको म्हणाली.

"म्हणजे चार वर्षं तुमचा पालाश खरोखरच पळसाला जात होता," बाई म्हणाल्या. "काका, तुमचं अगदीच चुकलं नाही. पण पाला खड्ड्यात टाकून कुजवायला पाहिजे होता. कच्चा पाला मातीत गेला की त्याला कुजवणारे जीव आधी स्वतः जेवतात. नत्र सगळं तेच खातात. वाढपीच आधी पंगतीला बसले, तर पाहुण्यांना काय उरणार?"

पाला उपसू नका, मुळं तुटतील, असं त्या म्हणाल्या. नत्र दोन वेळा विभागून, सोबत पोटॅश, आणि लगेच मातीची भर. घेवडा चांगला केलात, तो आपलं नत्र हवेतून आपणच घेतो, त्याच्या मुळ्या तिथंच राहू द्या. बटाटा निघाला की उन्हाळी मूग, तो शेंगा तोडून गाडायचा, आणि पुढच्या साली कुटार निम्मं तरी रानातच. पण आत्ता, आठ दिवसांत, भर लागली पाहिजे.

भर लावायची म्हणजे डवऱ्याला, बैलांच्या कोळप्याला, दोरी गुंडाळून दोन सऱ्यांच्या मधून बैल चालवायचे, म्हणजे माती दोन्हीकडे चढते. ट्रॅक्टर तिथं शिरत नाही. माझ्याकडे बैल नव्हते. माझ्याकडे धड हातही नव्हता. बैलजोडी होती भावाकडे.

बायको त्याच्याकडे गेली. मी मागे गेलो, पण अंगणाच्या बाहेरच थांबलो, दांडा कुठं ठेवला आहे ते आधी बघितलं. या वेळी तिचा पदर कपाळाच्या खाली होता. भाऊ ओट्यावर बसला होता, कानावर पट्टी. त्याची बायको चुलीपाशी. माझी बायको जावेजवळ बसली आणि भिंतीकडे बघून बोलायला लागली.

"बाई, बरड पिवळं पडलं. आठ दिवसांत भर लागली नाई तं गेलं."

जाऊ काही बोलायच्या आत ओट्यावरून आवाज आला, तोही भिंतीलाच. "तिले सांग, जाऊ दे. माह्ये झाडं गेले, तिचे बटाटे जाऊ दे."

"बाई, सांगा त्यायले, झाडं आम्ही तोडले. चुकलं. पन बटाटे मीनं लावले, मीनं नाई तोडले."

"तिले सांग, बरड बटईनं मले दे, आजच येतो."

बायकोनं पदर आणखी खाली ओढला. 

"बाई, त्यायले सांगा, भर लावून द्या. बटाटा निघाला की त्यायनंच याव, त्यायनंच पाहाव आन् त्यायनंच सांगाव. गोट्या हायेत म्हनले, तं बरड त्यायचं. मी एक शब्द नाई बोलनार."

मी अंगणाबाहेरच्या दगडावर बसलो. म्हणजे ज्याला बरड पाहिजे त्यालाच पंच केलं. मला वाटलं, सव्वा एकर गेलं, एका वाक्यात.

 मग ओट्यावरून आवाज आला, "तिले सांग, सकाळी येतो. आन् त्याले सांग, बैलाच्या म्होरं चालायले तोच पाह्यजे."

ती सकाळ मी विसरत नाही. एक बैल नवा होता, सरीत सरळ चालत नव्हता, म्हणून त्याच्या पुढं मी, डाव्या हातात कासरा, उजवा गळ्यात. मागं डवऱ्यावर भाऊ. त्याच्या हातात तुतारी, म्हणजे टोकाला खिळा लावलेली काठी. बैल वाकडा गेला की बैलाला टोच, मी वाकडा गेलो की मला. तो फरक करत नव्हता.

"नीट चाल बे."

"कोनाले म्हन्तो, मले का बैलाले?"

"जो ऐकन त्याले."

कधी कधी दोघंही नीट चालत असलो तरी टोच बसायची. माझ्या पाठीवर नंतर बायकोनं मोजल्या तर बऱ्याच जागा रक्ताळल्या होत्या. प्रत्येक सरीच्या शेवटी धुरा यायचा, बुंधे दिसायचे, आणि त्याचा राग नव्यानं पेटायचा. तिथं तो हमखास टोचायचा. पण मान्य करतो, भर अशी लागली की मातीची एक ढेपही झाडावर पडली नाही. त्याला ते पीक मेलेलं हवं होतं, त्यात त्याचा फायदा होता. पण डवरा धरला की त्याला वाईट चालवताच येत नाही. काही माणसांत हा दोष असतो.

झाडांनी हळूहळू रंग धरला. पूर्ण नाही, पण धरला.

काढणीच्या दिवशी भाऊ सकाळीच आला. पट्टी गेली होती, कानाची खालची पाळी थोडी आत वळलेली राहिली होती, अजूनही आहे. तो धुऱ्यावर बसला, बायकोकडे पाठ करून. बायको पदर ओढून पलीकडे.  शेजारच्या त्या दोघी पुन्हा आल्या होत्या, पण या वेळी पळायच्या तयारीत, रस्त्याच्या बाजूनं बसलेल्या.

पाल्याच्या सऱ्यांत मी डाव्या हातानं कुदळ मारली. बटाटे निघाले. गोट्या नव्हत्या. पण मोठेही नव्हते, असेच, लिंबापेक्षा थोडे वर. एकात कुदळ घुसली आणि तो फाटला. भावानं फाटलेला अर्धा उचलला, हातात फिरवला, टाकला.   हे लिंबं म्हणावीत का गोट्या म्हणाव्यात, हे सगळं त्याच्या तोंडात होतं.

मग त्यानंच कुदळ घेतली आणि धुऱ्याकडच्या सऱ्यांत गेला. एक घाव. माती उचलली तर खाली बटाटे असे बसलेले, मुठीत न मावणारे, एकाला एक चिकटून. दुसरी सरी. तशीच. तिसरी. त्यानं मागे वळून बघितलं, जिथून बटाटे लहान होत होते तिथं. मग माझ्याकडे.

"हे काऊन मोठे?"

"इथं पाला नाई टाकला."

"काऊन नाई टाकला?"

मी टोपली जवळ ओढली. सगळ्यांना माहीत होतं काऊन.

"सांग ना बे, काऊन?"

"इथंच तूनं मले मारलं."

भाऊ कुदळीवर टेकून उभा राहिला. आधी त्याचं पोट हललं, मग खांदे, मग तो तुटका कान. त्याला असं हसताना मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. हसता हसता त्यानं मुठीत न मावणारा एक बटाटा उचलला आणि माझ्या छातीवर फेकून मारला, जोरात, दुखलं.

"म्हंजे दोन दिस आधी येऊन मारलं असतं," तो म्हणाला, "तं पूरं बरड पिकलं असतं!"

मग त्यानं दुपट्टा झटकला, भिंत नव्हती म्हणून आभाळाकडे बघून म्हणाला, "गोट्या नाईत. सांगा तिले. बरड तिचं," आणि बुंध्यांजवळून आपल्या शेतात उतरला. बुंध्यांना धुमारे फुटले होते. तिथं मात्र तो हसायचा थांबला. तिथं तो अजूनही थांबतो, आणि मीही खाली बघतो.

बायको बराच वेळ मोठे बटाटे वेगळे काढत बसली. मी शेजारी जाऊन बसलो. छाती चोळत होतो. वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल. सव्वा एकर वाचलं होतं, जेमतेम का होईना.

तिनं टोपली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "पुढल्या साली पेरनीले भासऱ्यायले आधीच बोलावून घेऊ. तुमाले मारनारं कोनी जवळ असलं, की आपली शेती बरी होते."